डोंगरातले बंद घर : या चुका टाळा

मावळ, मुळशी, भोर, जावळी किंवा महाबळेश्वरच्या परिसरात शहरातल्या माणसांनी बांधलेली छोटी घरे आता वाडीवाडीला दिसू लागली आहेत. शुक्रवारी रात्री माणसे पोहोचतात, दोन दिवस झाडांत आणि पाखरांत घालवतात आणि रविवारी संध्याकाळी कुलूप लावून परततात. अशा घरांत होणाऱ्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत, आणि त्या करता करता एक गोष्ट लक्षात आली की, नुकसान आपण तिथे असताना फारसे होत नाही. ते सोमवार ते शुक्रवार या दिवसांत होते. म्हणून खिडकीच्या काचेपासून पाखरांसाठी ठेवलेल्या पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट ठरवताना 'मी नसताना याचे काय होईल' हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

पावसाचा अंदाज आणि भिंतीची ओल

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. तिथून पाचगणीमार्गे पसरणी घाट उतरून वाईला आलो, की हाच आकडा हजाराच्या खाली येतो. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक पडत असताना शहरातल्या सवयीने घर बांधणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस वरून पडतो त्याहून अधिक आडवा येतो. दरीचे दृश्य दिसावे म्हणून पश्चिमेला मोठी खिडकी आणि छप्पर भिंतीच्या बाहेर जेमतेम फूटभर काढलेले, अशी रचना केली, तर नैऋत्येकडचा वारा चार महिने त्या भिंतीवर पाण्याचा मारा करत राहतो. महाबळेश्वरात पावसाळ्यापूर्वी घरांच्या भिंतींना बाहेरून गवताची झडी बांधण्याची जुनी पद्धत आहे, ती हौसेखातर नव्हे. झडी बांधायची नसेल, तर निदान पश्चिम आणि दक्षिण बाजूंना छप्पर तीन-चार फूट पुढे काढावे किंवा पडवी करावी.

ओल दिसताच गवंड्याला बोलावून गच्चीवर रसायन फासून घेणे ही त्यानंतरची चूक. ओल कुठून येते हे आधी भिंतच सांगते, फक्त ती वाचावी लागते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा ओला असेल, तर पाणी पायातून वर चढत आहे. त्याला छपराचा उपाय लागू पडत नाही, घराच्या वरच्या अंगाला चर खणून उतारावरून येणारे पाणी बाजूने काढून द्यावे लागते. खिडकीच्या चौकटीभोवती किंवा छताच्या कडेला डाग असतील, तर पाणी बाहेरून आत शिरत आहे. कपाटामागे, कोपऱ्यात किंवा गादीखाली काळी बुरशी असेल आणि भिंत हाताला फारशी ओली लागत नसेल, तर मात्र दोष पाण्याचा नसून कोंडलेल्या हवेचा आहे.

हा तिसरा प्रकार बंद घरांत सर्वाधिक आढळतो, कारण जाताना आपण सगळी दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो. आमच्या घराची पहिल्या पावसाळ्यात हीच गत झाली. पंधरा दिवसांनी दार उघडले, तेव्हा चामड्याच्या चपलांवर हिरवट लव उगवली होती आणि गोधड्यांना येणारा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. वारा ज्या बाजूने येत नाही त्या पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या भिंतीत, छताजवळ, बारीक जाळी बसवलेले झरोके कायम उघडे ठेवल्यास हवा हलती राहते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. आतल्या भिंतींना चकचकीत प्लॅस्टिक रंग देण्याऐवजी चुना द्यावा, कारण चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते आणि त्याच्या क्षारामुळे बुरशी सहजी धरत नाही. प्लॅस्टिक रंगामागे ओल अडकते आणि पुढच्या वर्षी पोपडे निघतात. ओलावा शोषणाऱ्या पुड्या उघड्या खोलीत ठेवून काहीही साधत नाही, त्या दोन दिवसांत भरून जातात. पत्र्याच्या पेटीत, घट्ट झाकणाखाली, उन्हात वाळवलेल्या अंथरुणांसोबत ठेवल्या, तरच त्यांचा उपयोग होतो. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशी नाही.

उतार, माती आणि झाडे लावण्याची घाई

जागा हातात आली की, जेसीबी बोलावून ती सपाट करून घेण्याचा मोह होतो. उताराचा पायथा उभा कापणे आणि निघालेली माती खालच्या अंगाला लोटून देणे, या दोन्ही गोष्टी अतिवृष्टीच्या प्रदेशात धोक्याच्या आहेत. ३० जुलै २०१४ ची माळीण, जुलै २०२१ मधले तळीये आणि जुलै २०२३ मधली इरशाळवाडी ही दरडीखाली गाडल्या गेलेल्या वस्त्यांची नावे ज्यांना आठवतात, त्यांना याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. घर उताराला जुळवून, टप्प्याटप्प्याने बांधावे, आणि बागेसाठी समपातळीत उथळ चर काढून त्यांच्या खालच्या काठावर झाडे लावावीत.

जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि पावसाने तिच्यातली पोषकद्रव्ये वाहून जातात. जुलैमध्ये युरिया टाकला, तर तो रोपाला मिळण्याऐवजी ओढ्याला मिळतो. शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत पावसाआधी आळ्यात मिसळावे आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा द्यावे, इतके पुरते. आळे मात्र मैदानी प्रदेशात करतात तसे खोलगट करू नये, कारण घाटमाथ्यावर त्याचे डबके होते आणि मुळे कुजतात. पावसाळ्यात रोपाभोवती माती उंच करून पाणी निसटू द्यावे आणि पाऊस संपल्यावर त्याच जागी आळे करावे.

झाडे लावण्यासाठी जुलैच्या सुट्टीची वाट पाहणे हीदेखील चूकच आहे. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की लगेच रोप लावले, तर झड सुरू होण्यापूर्वी मुळे थोडी धरतात. पण झाड जगते की मरते याचा निकाल पावसाळ्यात लागत नाही, तो पुढच्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांत लागतो. जिथे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथेच एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी वणवण होते, हे शहरातून येणाऱ्याला पहिल्या उन्हाळ्यापर्यंत खरे वाटत नाही. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाजवळ एक मडके गळ्यापर्यंत पुरून, त्याचे तोंड झाकून ठेवावे आणि बुंध्याभोवती वाळलेल्या गवताचा जाड थर द्यावा. शनिवारी भरलेले मडके झिरपत झिरपत आठवड्याचा बराच भाग काढते. जितक्या रोपांना असे पाणी देणे शक्य आहे, तितकीच रोपे लावावीत. शंभर लावून नव्वद वाळवण्यात कसली हौस?

झपाट्याने वाढतात म्हणून निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावणारे पुढे पक्षी येत नाहीत अशी तक्रार करतात. पाखरे हवी असतील, तर जागेवर आधीच उभी असलेली करवंदाची जाळी, तोरण आणि धायटी 'साफसफाई'त तोडू नये. धायटीची लाल फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात आणि शिंजीर त्यांवर दिवसभर असतात. पांगारा आणि काटेसावर फुलले की मैना, कोतवाल, बुलबुल यांची जत्रा भरते. उंबर घरापासून दूर लावावा, कारण त्याची मुळे पायात शिरतात. पण एकदा तो फळू लागला, की तांबट आणि हरियाल बोलावावे लागत नाहीत. जांभूळ, हिरडा, अंजनी आणि महाराष्ट्राचे राज्यफूल असलेला ताम्हण ही झाडेही या हवेत नीट वाढतात. हिरवळीबद्दल एवढेच की, तिला उन्हाळ्यात सर्वांत जास्त पाणी लागते आणि पाखरांना तिच्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही.

स्ट्रॉबेरी लावण्याची इच्छा प्रत्येकालाच होते. ती जूनमध्ये लावली की कुजते. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये, उंच गादीवाफ्यावर लावावी. फळे पिकू लागली की बुलबुल येतात आणि त्यांना अडवण्यासाठी नायलॉनचे पातळ जाळे सैल पसरून आपण शहरात निघून जातो. पुढच्या शनिवारी त्या जाळ्यात पाय अडकून मेलेला पक्षी किंवा धामण सापडते. जाळे लावायचेच असेल, तर ते चौकटीवर ताणून बसवावे, कडा जमिनीत दाबाव्यात आणि आपण राहणार नसू त्या दिवसांत गुंडाळून ठेवावे.

पाखरांशी होणारे गैरसमज

मोठ्या काचेत आभाळ आणि झाडे यांचे प्रतिबिंब पडते आणि पक्षी वेगाने त्यावर आदळतात. आपण घरात असताना धडक ऐकू येते, आठवडाभर मात्र कोणी ऐकणारे नसते. काचेवर ससाण्याचे एकच चित्र चिकटवून उपयोग होत नाही, कारण पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आदळतो. काचेच्या बाहेरच्या अंगाला दोन-दोन इंचांवर ठिपके काढावेत किंवा दोऱ्या सोडाव्यात. पडदा आतून ओढल्याने प्रतिबिंब कमी होत नाही, उलट काही वेळा वाढते. धडकून सुन्न झालेला पक्षी सापडलाच, तर त्याच्या चोचीत पाणी घालण्याचा प्रयत्न करू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत, त्याला तासभर ठेवावे आणि मग खोके बाहेर नेऊन उघडावे.

याचाच लहान भाऊ म्हणजे गाडीचा आरसा. दयाळ, चिरक किंवा शिंजीर आरशातल्या स्वतःलाच शत्रू समजून तासन्‌तास चोची मारत राहतो. पाहणाऱ्याला मौज वाटते, पण विणीच्या दिवसांत त्याची शक्ती यात फुकट जाते. आरशांवर जुने मोजे चढवले की प्रश्न मिटतो.

दाण्यापेक्षा पाण्याची गरज मोठी असते. पाव, फरसाण आणि शिळा मसालेभात टाकून पाखरांचे भले होत नाही. त्यावर कावळे, उंदीर आणि माकडे जमतात, आणि माकडाला एकदा घर ओळखीचे झाले, की आपल्या गैरहजेरीत ते कौले उचलून पाहते. पाणी ठेवताना भांडे मातीचे, पसरट आणि दोन इंचांहून उथळ असावे, मध्ये एक दगड असावा आणि जवळ मांजराला लपता येईल अशी दाट जाळी नसावी. रविवारी भरून ठेवलेले भांडे उन्हाळ्यात मंगळवारीच कोरडे पडते आणि पावसाळ्यात त्यात आठवडाभरात डासांच्या अळ्या होतात. म्हणून पावसाळ्यात ते पालथे घालावे. उन्हाळ्यात वाडीतल्या कोणाला तरी, योग्य मोबदला देऊन, दिवसाआड भांडे घासून भरण्याचे काम सांगावे. त्याच माणसाला घराची एक किल्ली द्यावी आणि त्याचा सल्लाही ऐकावा.

पावसापूर्वीची सफाई आपण मे महिन्यात काढतो आणि नेमका तोच विणीचा काळ असतो. शिंजीर कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले लोंबते घरटे पडवीतल्या तारेला टांगतो. कचरा समजून ते झाडूने ओढले जाते. शिपाई बुलबुल टांगलेल्या कुंडीत घरटे करतो. अशा वेळी ती कुंडी महिनाभर हलवू नये, कारण अंडी घातल्यापासून पिले उडून जाईपर्यंत साधारण चार आठवडे लागतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करणे हीदेखील शिकारच ठरते. छायाचित्रासाठी घरट्यापुढची फांदी बाजूला बांधणारे हौशी लोक पिलांना ऊन आणि कावळा या दोघांच्याही स्वाधीन करतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हेही टाळावे. पावसाळी पहाटे शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी अगदी माणसासारखी शीळ घालतो. ती ऐकायला फक्त लवकर उठावे लागते.

अंगणातले पांढरे दिवे रात्रभर चालू ठेवू नयेत. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे एकमेकांना शोधतात ते प्रकाशाच्या खुणेने, आणि प्रखर उजेडात ती खूण हरवते. पायवाटेपुरता मंद पिवळा दिवा, तोही झाकणाखाली, पुरेसा आहे.

साप आणि आग

आठवडाभर बंद असलेल्या घरात साप शिरतो तो उंदरांमागे. भोवती फिनेल किंवा कार्बोलिक आम्ल शिंपडून तो अडत नाही. दाराखालची फट बुजवावी, सांडपाण्याच्या नळाला जाळी लावावी, सरपण आणि विटा भिंतीला टेकून रचू नयेत आणि धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे. रात्री जमिनीवर झोपणे टाळावे. मण्यार बहुधा झोपलेल्या माणसालाच चावते आणि तिच्या दंशाची सूज-वेदना इतकी कमी असते की, तो लक्षातही येत नाही. खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. दंश झाल्यास चिरा देणे, घट्ट आवळपट्टी बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ घालवू नये. अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. सर्पदंशावरची लस मिळणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे घर बांधतानाच विचारून १०८ क्रमांकासोबत दारामागे लिहून ठेवावे, कारण त्या क्षणी मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

जानेवारीपासून डोंगरावरचे गवत वाळते आणि वणवे लागू लागतात. पालापाचोळा पेटवून देणे आणि रात्रीची शेकोटी तशीच सोडून झोपणे या दोन्ही चुका आपल्याच असतात. वणवा मात्र समोरच्या डोंगरावरून, आपण शहरात असताना येतो. घराभोवती तीसेक फुटांच्या पट्ट्यातले गवत दिवाळीनंतर लगेच, हिरवट असतानाच, कापून घ्यावे. कापलेले गवत आणि पाने घरापासून लांब, खड्ड्यात मातीच्या थरांनी दाबावीत. पन्हाळीत आणि कौलांवर साठलेली वाळकी पाने फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा काढावीत, कारण उडत आलेली ठिणगी अंगणातल्या झाडांपेक्षा त्या पानांवर आधी पेट घेते.