अ‍ॅक्शन पिस्तूल: पहिल्या मॅचला जाण्याआधी

१० मीटर एअर पिस्तूलमध्ये ६० शॉटसाठी ७५ मिनिटं मिळतात. अ‍ॅक्शन पिस्तूल याच्या उलट. अमेरिकेत हा खेळ चालवणाऱ्या ‘यूएसपीएसए’ या संघटनेच्या मॅचमधली मोठी स्टेज (एका दमात मारायची टार्गेटांची मांडणी) ३२ गोळ्यांची असते आणि बरा नेमबाज ती वीस-पंचवीस सेकंदांत संपवतो, तीही पळत, भिंतीआडून वाकून, मध्ये मॅगझिन बदलत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तुलाचं, .२२ बोअरचं. अ‍ॅक्शन पिस्तुलात चालतं ते मुख्यतः ९ मिमी, आणि भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर. त्यामुळे मराठी माणूस या खेळात येतो तो बहुधा न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात स्थिरावल्यावर. हे त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी व्हिसा. एच-वन-बी, एफ-वन यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. अपवाद मोजके आहेत. एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना हा त्यांतला नेहमी वापरला जाणारा. मित्राचं पिस्तूल रेंजवर हातात घेणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं, म्हणून “मी विकत कुठे घेतोय?” हा युक्तिवाद कामाचा नाही. वकिलाला एकदा विचारा, मग पुढचं वाचा. ग्रीनकार्ड असेल तर ही अडचण नाही, पण राज्याचे नियम उरतातच. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा आहे. म्हणजे ३२ गोळ्यांच्या स्टेजला किमान तीनदा मॅगझिन बदलायचं, आणि कमरेला चारऐवजी पाच-सहा मॅगझिन लागतात.

पिस्तूल कुठलंही भरवशाचं, पूर्ण आकाराचं ९ मिमी चालेल. पहिल्या वर्षी महागडं घेऊ नका, तो पैसा काडतुसांत घाला. स्लाइडवर डॉट (नेम धरायला चमकता ठिपका दाखवणारी काच) असेल तर ‘कॅरी ऑप्टिक्स’ या गटात उतरायचं (तिथे मॅगझिनची लांबी १४१.२५ मिमीपर्यंत चालते), साधी माशी असेल तर ‘प्रॉडक्शन’. होल्स्टर कायडेक्सचं (कडक प्लॅस्टिकचं), ट्रिगर पूर्ण झाकणारं, पट्ट्यावर बाहेरून घट्ट बसणारं. कापडी होल्स्टर पिस्तूल काढलं की मिटतं आणि परत ठेवताना दुसरा हात होल्स्टरच्या तोंडाशी न्यावा लागतो, म्हणजे नळी स्वतःच्याच हातावर येते. मॅगझिनांवर क्रमांक टाका. अडकणारं मॅगझिन नेहमी तेच एक असतं, पण क्रमांक नसेल तर ते महिनोन्‌महिने सापडत नाही.

काडतुसांचं गणित: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. हा पॉवर फॅक्टर. ‘मायनर’साठी (कमी ताकदीच्या काडतुसांच्या वर्गासाठी) तो किमान १२५ हवा. १२४ ग्रेनची गोळी १०५० ने गेली तर १३०, निर्धास्त. स्वस्त ११५ ग्रेनची गोळी आखूड नळीतून १०८० ने गेली तर १२४.२, म्हणजे नापास. स्थानिक मॅचला वेग सहसा मोजत नाहीत, मोठ्या मॅचला मोजतात. पाच-सहा स्टेजना दीडशेच्या आसपास गोळ्या लागतात. अडीचशे न्या.

आता सुरक्षा. यात ‘पहिली चूक माफ’ नसते, थेट डीक्यू (डिस्क्वालिफाय, म्हणजे बाद), आणि दिवसभराची मॅच तिथेच संपते. रेंज ‘कोल्ड’ असते: आरओने (रेंज ऑफिसरने) सांगितल्याशिवाय पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर काढायचं नाही. हाताळायचंच असेल तर सेफ एरियात, आणि तिथे काडतुसाला हात लावायचा नाही, डमीलासुद्धा (न उडणाऱ्या खोट्या काडतुसाला). पिस्तूल चुकून पडलं तर उचलू नका. आरओला हाक मारा, तो उचलेल. स्टेजबाहेर पडलेलं स्वतः उचलणं हाच डीक्यूचा गुन्हा आहे.

नवख्यांचा घात मुख्यतः दोन ठिकाणी होतो. पहिलं, १८० अंशांची रेषा. नळी कायम समोरच्या मातीच्या बांधाकडेच हवी, तुमच्यातून जाणाऱ्या, बांधाला समांतर रेषेमागे गेली की खेळ संपला. उजव्या हाताचा नेमबाज मॅगझिन बदलताना पिस्तूल वळवतो तेव्हा नळी डावीकडे झुकते. त्यातच तो डावीकडे पळत असेल तर शरीरही तिकडे वळलेलं असतं आणि नळी रेषेपलीकडे जाते. म्हणून डावीकडे पळत रीलोड करायचं असेल तर मनगट मुद्दाम बांधाकडे वळवून धरायचं, हे घरी रिकाम्या पिस्तुलाने घटवून घ्या. दुसरं, बोट. पळताना, रीलोड करताना, अडकलेलं काडतूस काढताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आरओला लांबून दिसेल असं.

आरओच्या आज्ञा ठरलेल्या असतात. “मेक रेडी” म्हटल्यावर भरायचं, मग “आर यू रेडी?”, “स्टँडबाय”, आणि बीप. शेवटी “अनलोड अँड शो क्लिअर”: आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची. घाईत क्रम उलटला तर चेंबरमध्ये नवीन गोळी चढते, आणि पुढच्या “हॅमर डाउन”ला ट्रिगर दाबताच बार होतो. तोही डीक्यू.

गुणांचा हिशोब समजला की अर्धा खेळ समजला. टार्गेटवर मधून बाहेर ‘ए’, ‘सी’, ‘डी’ असे भाग असतात. मायनरमध्ये ‘ए’ला ५, ‘सी’ला ३, ‘डी’ला १. मिस किंवा नो-शूटला (मारायचं नाही अशा टार्गेटला) लागलेली गोळी म्हणजे उणे १०. एकूण गुण भागिले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. समजा १२ कागदी टार्गेट, प्रत्येकी दोन गोळ्या, १२० गुण, २० सेकंद: हिट फॅक्टर ६. म्हणजे इथे एका सेकंदाची किंमत ६ गुण. ‘ए’ऐवजी ‘सी’ बसला तर दोन गुण गेले, साधारण एक तृतीयांश सेकंद. मिस झाली तर ५ गेले आणि वर १० कापले, म्हणजे अडीच सेकंद. पुन्हा एक गोळी मारायला पाव-अर्धा सेकंद लागतो. तेव्हा मिस वाटली तर लगेच दुसरी मारा, ‘सी’ वाटला तर सोडून पुढे चला. आणि एखादं टार्गेट विसरलात तर दोन मिस, त्यावर न मारल्याचा दंड १०, शिवाय बुडालेले १० गुण, सगळे मिळून ४०. जवळपास सात सेकंद! वेगवान माणसं याच एका गोष्टीने खाली घसरतात.

नवखा वेळ वाचवायला जातो तो ट्रिगरवर, आणि तिथे वेळ नसतोच. दोन गोळ्यांमधलं अंतर ०.३० वरून ०.२० सेकंदावर आणलं तर वरच्या स्टेजमध्ये १.२ सेकंद वाचतात, आणि त्याच घाईत दोन मिस पडून पाच जातात. उलट, एका जागी उभं राहून केलेलं रीलोड अडीच-तीन सेकंद खातं. तेच चालता चालता केलं तर जवळजवळ फुकट. म्हणून मॅगझिन रिकामं व्हायची वाट पाहू नका. जागा सोडताना आत चार गोळ्या असल्या तरी बदला. पुढच्या जागी पोचायच्या दोन पावलं आधी पिस्तूल डोळ्यांसमोर आलेलं हवं. भिंतीला चिकटून उभे राहू नका, हातभर मागे राहिलात तर कोपरा वळणं आणि निघणं दोन्ही सोपं.

ब्रीफिंगनंतर स्टेज फिरून पाहायला थोडा वेळ देतात. आधी टार्गेट मोजा आणि ब्रीफिंगमधल्या आकड्याशी जुळवा. मग कुठून कोणतं मारायचं, कुठे मॅगझिन बदलायचं ते ठरवा, आणि डोळे मिटून तीन-चारदा मनात पळा. बीपनंतर बेत बदलायचा नाही, मध्येच सुचलेली शक्कल हमखास अंगाशी येते.

सराव घरी, ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाने): रोज १०-१५ मिनिटं, त्या खोलीत एकही काडतूस नाही. टायमर दोन सेकंदांवर लावून होल्स्टरमधून काढून पहिला ‘ए’ दिसेपर्यंत. जमलं की १.८, मग १.६. डॉट असेल तर नजर टार्गेटवर ठेवा, डॉट आपोआप येतो. तो शोधावा लागत असेल तर पकड चुकते आहे. रेंजवर गोळ्या खाली-डावीकडे जात असतील (उजव्या हातवाल्यांच्या) तर बार होण्याआधी तुम्ही पिस्तूल खाली ढकलताय. मित्राला मॅगझिनमध्ये मधेच डमी घालायला सांगा, लगेच कळेल.

मॅचला टार्गेटवरच्या भोकांवर पट्ट्या चिकटवणं हे सगळ्यांचं काम आहे. बाजूला उभे राहू नका, पण गुण पुकारण्याआधी पट्टी लावूही नका. स्टीलच्या टार्गेटवरून उडालेले गोळीचे तुकडे मागे बसलेल्यांपर्यंत येतात, तेव्हा चष्मा दिवसभर डोळ्यांवरच.

शिसं हा विषय गांभीर्याने घ्या. हात न धुता डबा उघडू नका. धुताना थंड पाणी आणि साबण, नुसतं सॅनिटायझर शिसं काढत नाही. बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवा, आणि घरात रांगतं मूल असेल तर अंघोळ झाल्यावरच त्याला उचला.