गोळी सकाळी, प्रश्न संध्याकाळी: एडीएचडीच्या औषधांवरचं समाधान मोजायला निघालेल्यांसाठी

एमडी सायकिअॅट्री, पेडियाट्रिक्स किंवा क्लिनिकल सायकॉलॉजी करताना ज्यांनी थीसिससाठी 'एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा या विकाराच्या) औषधांबद्दल पालकांचं आणि मुलांचं समाधान' हा विषय घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. निदान कसं करतात, मिथाइलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटीन या दोन औषधांमध्ये फरक काय, लक्षणं मोजणारी व्हँडरबिल्ट प्रश्नावली कशी भरून घेतात, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

विषय घेताना बहुतेकांचा हिशेब असा असतो: एक प्रश्नावली, एकच भेट, फॉलोअपच्या ओपीडीत पेशंट आयतेच मिळतात, वर्षभरात काम आटपेल. तसं होत नाही. फॉर्म भरून होतात, एक्सेल शीटही भरते आणि मग लक्षात येतं की मोजायचं होतं एक आणि मोजलं गेलं भलतंच. मी त्यातून गेले आहे. सबमिशनच्या आधीचे ते आठवडे आठवले तरी अजून पोटात गोळा येतो. तरीही सांगते, विषय बदलू नका. विषय चांगला आहे आणि आपल्याकडे त्यावर काम व्हायलाच हवं.

का हवं? लक्षणं कमी झाली म्हणजे घरचे समाधानी झाले, असं गृहीत धरून आपण ओपीडी चालवतो. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणारा अमेरिकेतला एमटीए अभ्यास सगळ्यांनी वाचलेला असतो: ५७९ मुलं, चौदा महिने, निष्कर्ष १९९९ साली आले. मूळ लक्षणांच्या बाबतीत नुसतं औषध आणि औषधासोबत वर्तनोपचार यांत ठळक फरक निघाला नाही, हे परीक्षेत विचारतात म्हणून पाठ असतं. पण त्याच अभ्यासात पालकांचं समाधान वर्तनोपचार असलेल्या गटांत जास्त होतं, नुसत्या औषधाच्या गटात कमी. लक्षणं एकीकडे, समाधान दुसरीकडे. तुमच्या थीसिसचा पाया हाच आहे. 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'मध्ये तो पहिल्या पानावर आणा, सतराव्या नाही.

आता ज्यात मी अडकले, ते. हे लांबेल, पण पूर्ण वाचा.

मिथाइलफेनिडेटची साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते आणि चारेक तासांत उतरते. फार्माकॉलॉजीत वाचलेलं असतं, पण प्रश्नावली तयार करताना ते कुणाच्या डोक्यात नसतं. मूल साडेसहाला गोळी घेऊन सातच्या शाळेला गेलं, तर गोळीचे सगळे चांगले तास वर्गात जातात. आईला ते दिसतं दुपारी एकनंतर. तेव्हा गोळी उतरलेली असते आणि काही मुलं नेमकी त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त चिडचिड करतात. डबा जसाच्या तसा परत आलेला असतो, कारण भूक मेलेली. संध्याकाळी गृहपाठाला बसवताना रोजची झटापट. आणि आपण त्या माउलीला विचारतो, 'औषधाच्या परिणामाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?' ती प्रामाणिकपणे उत्तर देते, पण ते उत्तर गोळी नसलेल्या तासांचं असतं.

याच्या उलटही घडतं. आई म्हणते, 'खूप फरक आहे हो डॉक्टर.' खोदून विचारलं तर कळतं की घरी काहीच फरक नाही, पण बाईंनी डायरीत लिहिणं बंद केलंय, शाळेतून फोन येत नाहीत. तिचं समाधान खरंच आहे, त्याला कमी लेखू नका. पण ते ऐकीव परिणामावरचं समाधान आहे. स्केलवर मात्र स्वतः फरक पाहिलेली आई आणि ही आई एकाच रकान्यात बसतात.

वडिलांचं तर विचारूच नका. आपल्याकडे बरीच घरं रविवारी आणि सुट्टीला गोळी देत नाहीत. कधी डॉक्टरांनीच तसं सांगितलेलं असतं, कधी घरच्यांनी आपापलं ठरवलेलं असतं. जे वडील सकाळी लवकर निघून रात्री नऊला घरी येतात, त्यांना मुलगा भेटतो तो रविवारीच. म्हणजे गोळी घेतलेला आपला मुलगा त्यांनी पाहिलेलाच नाही! 'काही उपयोग नाही, उगाच औषधं चालू आहेत,' असं ते म्हणाले तर तो त्यांचा आडमुठेपणा नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर खरोखरच काही घडलेलं नाही. एमटीएमध्ये गोळ्या दिवसातून तीनदा आणि आठवड्याचे सातही दिवस दिल्या जात. तिथल्या पालकांच्या उत्तरांशी आपल्या पालकांची उत्तरं शेजारी ठेवताना हे विसरलात तर चर्चेचं सगळं प्रकरण कोसळतं.

आणि दुपारची शाळा. पालिकेच्या आणि कितीतरी अनुदानित मराठी शाळा दोन सत्रांत भरतात. केसपेपरवर 'नाश्त्यानंतर एक' असं लिहिलेलं. आई इमानेइतबारे सकाळी आठला पोह्यांबरोबर गोळी देते. मुलगा साडेबाराला शाळेत पोचतो, तोवर गोळी संपत आलेली. वर्गात तो होता तसाच. बाई तक्रार करतात, आई म्हणते औषध लागू पडत नाही, आणि तुमच्या शीटमध्ये 'असमाधानी' अशी नोंद होते. मला हे कळलं ते एका आईशी बोलताना, तेही फॉर्म भरून झाल्यावर, ती पिशवी उचलून निघालेली असताना. तिने सहज म्हटलं, 'सकाळी मात्र छान बसतो, आठ ते अकरा चित्रं काढतो, मग शाळेची वेळ झाली की सुरू.' त्यानंतर आधीचे सगळे फॉर्म काढून पाहिले. शाळेचं सत्र कुठेच विचारलेलं नव्हतं. गोळीची वेळ कुठेच नव्हती. पुन्हा फोन करून माहिती गोळा करावी लागली आणि काही घरांचे नंबर बदललेले होते.

म्हणून प्रश्नावलीच्या आधी एक पान जोडा. औषध कोणतं, साधी गोळी की लांब चालणारी, किती वाजता देता, शाळा किती ते किती, शिकवणी कधी, रविवारी देता का, आणि उत्तर देणारी व्यक्ती मुलासोबत कोणत्या तासांत असते. मग परिणामाचा प्रश्न एकदा न विचारता तीनदा विचारा: शाळेच्या वेळेबद्दल, संध्याकाळबद्दल, सुट्टीच्या दिवसाबद्दल. प्रत्येक प्रश्नाला 'त्या वेळी मी त्याला पाहत नाही' हा पर्याय हवाच. तो नसेल तर माणसं मधला आकडा ठोकतात आणि तो आकडा मत म्हणून मोजला जातो.

अॅटोमॉक्सेटीनची मुलं त्याच शीटमध्ये असतील तर आणखी जपून. त्याचा परिणाम दिवसभर पसरलेला असतो, पण पुरता दिसायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात विचारलंत तर फक्त मळमळ आणि झोपाळूपणाबद्दल ऐकाल. दोन औषधांच्या गटांत समाधानाचा फरक निघाला, तर तो औषधाच्या गुणाचा असेल किंवा पालकांना ते औषध कोणत्या वेळी दिसतं त्याचा असेल. वेळेची नोंद नसेल तर हे वेगळं करता येत नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरने नाही.

प्रश्नावली कोणती, यावर थोडक्यात. टीएसक्यूएम ही औषधांवरचं समाधान मोजणारी प्रश्नावली सगळे सुचवतात. परिणाम, दुष्परिणाम, सोय आणि एकूण समाधान असे चार भाग, शून्य ते शंभर गुण. चांगली आहे, पण ती स्वतः औषध घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी बनलेली आहे. मुलाच्या वतीने आईने भरली की ती वेगळीच वस्तू होते. वापरायची परवानगीही रीतसर घ्यावी लागते. तो मेल सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसचा आराखडा सादर करण्याच्या, आधी पाठवा. खास एडीएचडीसाठी जर्मनीत गोर्ट्झ-डॉर्टेन आणि डोप्फनर यांच्या गटाने २०११ मध्ये 'सॅम्स' ही श्रेणी मांडली, पालकांसाठी वेगळी आणि मुलांसाठी वेगळी. निदान ती वाचा तरी, कारण मुलाला वेगळा कागद द्यायचा ही गोष्ट तिथे मुळातच धरलेली आहे.

मात्र यांतली कुठलीही प्रश्नावली आपल्या पालकांच्या एका मोठ्या दुखण्याला हात लावत नाही. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येतं. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते, त्यामुळे पुष्कळ मेडिकलवाले ते ठेवतच नाहीत. तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला येऊन चार दुकानं फिरणारे वडील 'सोय' या भागात काय लिहिणार? तिथे विचारलेलं असतं की औषध घेणं सोपं आहे का, वेळा पाळता येतात का. गोळी गिळणं सोपंच आहे, मिळणं अवघड आहे. यासाठी स्वतःचे दोन-तीन प्रश्न जोडा आणि त्यांचे गुण मूळ श्रेणीत मिसळू नका, वेगळे दाखवा.

मुलांकडे वळू. इथे माझं मत ठाम आहे: मुलाला एकट्याला विचारता येत नसेल तर शीर्षकातून 'मुलांचं' हा शब्द काढून टाका. आई शेजारी बसलेली असताना दहा वर्षांचा मुलगा तिच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतो. आईला समोरच्या बाकावर, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाची तोंडी आणि बारावर लेखी संमती घ्यावीच लागते. ती सही उरकण्याची बाब समजू नका, तिथूनच गप्पा सुरू करा. चेहऱ्यांची चित्रं असलेली श्रेणी लहानांना जमते, पण ती टोकाचेच चेहरे निवडतात. म्हणून आधी औषधाशी संबंध नसलेल्या एक-दोन गोष्टींवर सराव घ्या: कारल्याची भाजी, पीटीचा तास. मधले चेहरेही वापरायचे असतात हे त्यातून त्यांना उमगतं.

मुलं जे सांगतात ते पालकांच्या यादीत बहुधा नसतं. एक मुलगा म्हणाला होता, 'गोळी घेतली की गणित येतं, पण मधल्या सुट्टीत मी गप्प असतो, मित्र विचारतात काय झालं.' त्याची आई दुष्परिणामांच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहून गेली होती. दोघंही खरंच सांगत होती.

आकडेवारीत एकच सांगते. आई आणि मूल यांची उत्तरं जुळतात का हे पाहायला पिअर्सन कोरिलेशन लावू नका. आयांनी ८, ६, ९ दिले आणि त्यांच्याच मुलांनी ५, ३, ६, तर कोरिलेशन बरोब्बर १ येतं, आणि एकाही घरात दोघांचं एकमत नसतं. आयसीसी, वेटेड कप्पा किंवा ब्लँड-ऑल्टमन आलेख, या एकमत मोजण्याच्या पद्धतींतलं तुमच्या डेटाला काय बसतं ते विचारा. विचारा म्हणजे सिनॉप्सिसच्या आधी विचारा, पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागातल्या बायोस्टॅटिस्टिशियनला. डेटा गोळा झाल्यावर 'सर, पी व्हॅल्यू काढून द्या' म्हणत जाणाऱ्यांना ते मदत करू शकत नाहीत, फक्त सांत्वन करू शकतात.

गाईडबद्दलही बोलते, कारण कुणी बोलत नाही. 'व्हॅलिडेटेड स्केल घे आणि मोकळी हो' असं सांगणारा गाईड वाईट नसतो, घाईत असतो. त्याच्याकडून सही आणि एथिक्स कमिटीची वाट मिळेल. शिकायचं असेल तर ओपीडीतल्या विशेष शिक्षिकेजवळ आणि केसपेपर काढणाऱ्या सिस्टरजवळ बसा. कोणतं घर औषध का सोडतं हे त्यांना माहीत असतं. आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून आठवड्यात सॅम्पल पुरं करण्याचा मोह कृपा करून आवरा. त्यात मुलाचा फॉर्म आईच भरते. डेटा मिळतो, अभ्यास होत नाही.

औषध सोडलेली घरं फॉलोअपला येत नाहीत, त्यामुळे ओपीडीत उरलेले बरेचसे समाधानीच असतात आणि सगळे गुण वरच्या टोकाला साचतात. जुन्या केसपेपरांवरून फोन करण्याची परवानगी एथिक्स कमिटीकडे पहिल्याच अर्जात मागा. फोनवर औषध सोडल्याबद्दल रागावल्यासारखा सूर गेला तर पुढचं काही कळणार नाही. अशी थोडीच घरं बोलली तरी पुरे. मर्यादा स्पष्ट लिहिलेला लहान अभ्यास परीक्षक मान्य करतात. सॅम्पल छोटं आहे म्हणून रात्री जागू नका.

शेवटी कॅलेंडर. वार्षिक परीक्षा संपल्यापासून शाळा पुन्हा उघडेपर्यंत आणि दिवाळीच्या सुट्टीत गोळ्या अनेक घरी बंद असतात. जून संपताना विचारलं तर पालक सुट्टीतल्या मुलाबद्दल बोलतात, नव्या बाईंनी अजून त्याला ओळखलेलं नसतं. जुलै ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे बरे महिने. उन्हाळ्यातले पेशंट घ्यावेच लागले तर 'शेवटची गोळी कधी दिली' हा रकाना सगळ्यात वर ठेवा आणि त्यांचं विश्लेषण वेगळं करा.