भाड्याच्या खोलीतून आरटीईचा फॉर्म: आधी घरमालकाचा अंगठा

भाड्याने राहता आणि मुलाला आरटीईतून शाळेत घालायचंय? मग दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन आधी घरमालकाकडे जा. चेष्टा करत नाही. पुण्यात आमच्या वस्तीतल्या लोकांचे फॉर्म मी बरीच वर्षं भरून देते. लॉटरीत नाव लागूनही घरी बसलेली जी मुलं पाहिली, त्यातली बहुतेक एकाच कागदापायी बसली: नोंदणीकृत भाडेकरार.

योजना थोडक्यात अशी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने (तोच आरटीई) विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशवर्गातल्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. मुलं लॉटरीने निवडतात आणि आठवीपर्यंत फी नाही. 'जवळ सरकारी शाळा आहे, तुम्हाला खासगी मिळणार नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो नियम सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये आणला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला.

सोपं आहे ते आधी उरकते. जन्मदाखला. वंचित गटात असाल तर जातीचा दाखला, तोही महाराष्ट्रातलाच. नसाल तर तहसीलदारांचा 1 लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. जातीचा दाखला हातात असताना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खाडे करून सेतूत रांग लावणारे दरवर्षी भेटतात. त्यांना कुणीतरी शहाण्याने पाठवलेलं असतं. शाळा जास्तीत जास्त 10 निवडा. एका मुलाचा एकच फॉर्म भरा, दोन भरले तर दोन्ही जातात.

आता पत्ता. रेशनकार्ड, आधार, मतदान ओळखपत्र यांपैकी कशावर आत्ता राहता तिथला पत्ता असेल, तर तुम्ही सुटलात. कोणते पुरावे चालतात ते शिक्षण विभागाच्या त्या वर्षीच्या सूचनांत असतं, तेवढं बघून घ्या. पण आमच्याकडे निम्म्यांचं आधार गावचं, रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावाचं आणि मतदान कुठे आहे ते निवडणुकीलाच कळतं. मग उरतो भाडेकरार, आणि तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलाच लागतो, निदान 11 महिन्यांचा आणि फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा.

नोटरीचा चालत नाही. पुन्हा सांगते, नोटरीचा चालत नाही. माझ्या थोरलीच्या वेळी एजंटने स्टॅम्प पेपरवर टाइप करून, लाल शिक्का मारून करार हातात ठेवला आणि वर 'पक्का आहे ताई' म्हणाला. लॉटरीत नाव लागलं, पेढे वाटले. पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, 'इंडेक्स टू कुठंय?' मला इंडेक्स टू हा शब्दच ठाऊक नव्हता. ते वर्ष गेलं. म्हणून आता कुणी करार दाखवला की मी शिक्क्याकडे बघत नाही. दस्त क्रमांक आणि इंडेक्स टू, म्हणजे करार नोंदवल्याचा पुरावा असलेलं सूची क्रमांक 2 चं पान, आहे का एवढंच बघते.

खरी मेख घरमालकाची. कायदा तुमच्या बाजूचा आहे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे, नोंदवायची जबाबदारी मालकाची, न नोंदवल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मालकाला ऐकवू नका. मी एकदा ऐकवलं होतं, एका धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या वतीने, मोठ्या तोऱ्यात. पुढच्याच महिन्यात त्यांना खोली सोडावी लागली. कलम बरोबर होतं, पण मुलीची शाळा आणि डोक्यावरचं छप्पर दोन्ही गेलं.

मालकाला भीती असते की कागद केला तर भाडेकरू बूड हलवणार नाही. प्रत्यक्षात उलट आहे आणि तेच समजावायचं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, मुदत संपली की कलम 24 खाली मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन खोली परत मागू शकतो. मुदतीनंतर अडून बसणाऱ्याकडून दुप्पट भाडं वसूल होतं. मी हल्ली सरळ असं बोलते, 'काका, मला उठवायचा कागद तुमच्याच हातात राहतो. खर्च आमचा. तुम्ही फक्त अंगठा द्या.' दहातले सहा-सात तयार होतात.

उरलेल्यांची अडचण वेगळी. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते, आणि खोली भाड्याने दिल्याचा कागद झाला की ती जाईल अशी धास्ती असते. ती खोटी नाही, म्हणून 'काही होत नाही हो' असलं सांगू नका. अशा मालकाच्या मागे वेळ घालवण्यापेक्षा आधारचा पत्ता बदलून घ्या. आधारच्याच छापील नमुन्यात आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला त्यासाठी चालतो. पत्ता बदलून यायला वेळ लागतो, म्हणून दिवाळी म्हटलं.

मालक हो म्हणाला की त्याच आठवड्यात काम करा. पुढच्या आठवड्यात त्याचा जावई येऊन काहीतरी डोक्यात भरवतो. खर्च फार नाही. 6000 भाडं आणि 20,000 अनामत असेल तर 11 महिन्यांचं मुद्रांक शुल्क 200 रुपयांच्या आसपास, नोंदणी फी शहरात 1000 आणि गावात 500. वर एजंटचे पैसे, ते आधी ठरवून घ्या. तो लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरीच येतो. मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची आधार कार्डं समोर ठेवा. पत्ता वीजबिलावर आहे तसाच, अक्षर न् अक्षर उतरवायला लावा. बिलावर 'गल्ली नं. 3' आणि करारात 'लेन नं. 3' एवढ्यावरून पडताळणीत अर्धा तास वाद घातलाय मी.

आणि अंगठे उमटत नाहीत. भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात, यंत्र लाल दिवा दाखवत राहतं. बायका ओशाळतात, जणू त्यांचीच चूक. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा, बोट कपाळावर घासा म्हणजे थोडं तेल लागतं, मग अंगठा सोडून दुसरी बोटं लावून बघा. एका मावशींचं नवव्या प्रयत्नाला डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. मालकाने आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तर ते आधी उघडायला सांगा, नाहीतर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

तारखेवर कायम लक्ष ठेवा. 2025 साली फॉर्म जानेवारीत सुरू झाले. 2024 मध्ये कोर्टाने नव्या नियमाला आधी स्थगिती दिल्यामुळे मे महिन्यात नव्याने भरावे लागले. करार ऑक्टोबर-नोव्हेंबरात केला तर दोन्हीकडून वाचता: फॉर्मच्या आधीचा असतो आणि पडताळणीपर्यंत जिवंतही राहतो. फेब्रुवारीत केलेल्या करारावर मागची तारीख टाकून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच वाटेला लावा. नोंदणीला मागची तारीख पडत नाही, आणि खोट्या पत्त्यावर मिळवलेला प्रवेश रद्द होतो.

फॉर्ममधल्या नकाशावरचा लाल फुगा स्वतः दारात उभं राहून, मोबाइलवर झूम करून आपल्याच छपरावर ठेवा. सायबर कॅफेवाल्याला चौकापर्यंतच ठाऊक असतं. शाळेपासून 1 किलोमीटरच्या आतल्यांना आधी जागा मिळते, त्यामुळे फुगा सरकला की नंबरही सरकतो. शाळेच्या जवळ मुद्दाम सरकवू नका, पडताळणी समितीवाले घरी येतात.

लॉटरीनंतर मेसेजची वाट बघू नका, रोज अर्ज क्रमांक टाकून पोर्टल बघा. प्रतीक्षा यादी तर नक्की बघा. जूनमध्ये लोक गावी असतात आणि मुदत निघून जाते. पडताळणीला मूळ कागद न्या, झेरॉक्सचे दोन संच न्या. कागद नाकारला तर 'लेखी कारण द्या' म्हणा आणि ते मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. मागच्या खेपेला असंच बसल्यावर आतून साहेब आले, इंडेक्स टूवरचा दस्त क्रमांक कॉम्प्युटरवर टाकून बघितला आणि सही केली.