तुरीवर ढेकण्या दिसला? आधी फोटो काढा

तूर फुलोऱ्यातून शेंगेत आली की ढेकण्यांचे दिवस सुरू होतात. सकाळी ओळीतून जाताना झाडाला धक्का लागतो आणि तो उग्र वास नाकात बसतो. कुणाला तो चिरडलेल्या कोथिंबिरीसारखा वाटतो, पोरं सरळ ‘पादरा किडा’ म्हणून मोकळी होतात. त्याच दिवशी संध्याकाळी दुकानात मागणी जाते, ‘ढेकण्या आलाय, औषध द्या.’ कोणता ढेकण्या, हे ना सांगणारा सांगतो, ना देणारा विचारतो. नावाचाही घोळ आहेच. कोकणात काजूवाल्याला ढेकण्या म्हटलं की मोहोर करपवणारा अगदी वेगळा किडा आठवतो.

तुरीत या दिवसांत तीन ढेकण्या नीट ओळखता आले पाहिजेत. हिरवा ढेकण्या (नेझारा विरिडुला) ढालीच्या आकाराचा, नखाएवढा, अंगभर हिरवा. तो ओळखायला सोपा. खरी फसगत होते ती उरलेल्या दोघांत, कारण दोघेही तपकिरी आणि दोघांच्याही खांद्यावर काटे. त्यातला शेंगेवरचा ढेकण्या (क्लॅव्हिग्राला गिबोसा) अंगाने बारीक, साधारण एक सेंटिमीटरचा, मागच्या मांड्या फुगीर. हा हिरव्या दाण्यातला रस ओढतो. शेंग वरून बरी दिसते, पण सोलली की आत दाणा सुरकुतलेला, काळपट. असा दाणा ना डाळीला चालतो, ना बियाण्याला.

दुसरा मात्र आपला माणूस. इओकँथेकोना फर्सेलाटा हा शिकारी ढेकण्या आकाराने मोठा, रुंद ढालीसारखा, आणि पाठीवरच्या त्रिकोणाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत फिकट ठिपके. शेंगा पोखरणारी घाटेअळी सोंडेवर टोचून तो चक्क उचलून धरतो. तो दिसला म्हणून फवारणी करणं म्हणजे राखणदारालाच हाकलणं.

शंका राहिली तर सोंड बघा. रस शोषणाऱ्याची सोंड सुईसारखी बारीक, डोक्याखाली चिकटून असते. शिकाऱ्याची जाड, दणकट. वरून काढलेल्या फोटोत ती दिसत नाही, आणि बहुतेक लोक वरूनच फोटो पाठवतात! किडा काचेच्या स्वच्छ ग्लासात घ्या, वर कागद धरा आणि ग्लासाच्या तळातून फोटो काढा. पोट, पाय, सोंड सगळं एकदम येतं. हातात धरून दाबू नका. वास तर लागतोच, आणि तोच हात डोळ्याला गेला तर चांगलीच आग होते.

फोटोची वेळ सकाळची, दव असेपर्यंत. थंडीने किडे सुस्त असतात, ऊन चढलं की उडतात. आपण जवळ गेलो की ढेकण्या देठाच्या मागच्या बाजूला सरकतो. अशा वेळी त्याच्यामागे गोल फिरू नका. मोकळा हात देठामागे न्या, तो आपोआप तुमच्याकडे येतो. मोबाईल अगदी टेकवू नका; वीतभर अंतर ठेवून दुप्पट झूम करा, किड्यावर बोट टेकवून फोकस धरा. हिरव्याची पाठ चकाकते, म्हणून त्याच्यावर आपली सावली पडू द्या. एका फोटोत शेजारी रुपयाचं नाणं असावं आणि एकात तो बसलेली फांदी किंवा शेंग.

पिल्लांचे फोटो तर जरूर घ्या, कारण हिरव्याची पिल्लं हिरवी नसतात. अंड्यातून निघाल्यावर ती पिवळसर-नारिंगी, पुढे काळी, मग हळूहळू पाठीवर पांढरे-गुलाबी ठिपके आणि शेवटी हिरवेपण. पाच वेळा कात टाकेपर्यंत एकच किडा इतकी सोंगं घेतो की शेतात चार-पाच जातींचे किडे आल्यासारखं वाटतं. पहिल्या अवस्थेतली पिल्लं काहीच खात नाहीत, रिकाम्या अंड्यांवरच दाटीने बसून राहतात. आवरायचं तर तेव्हाच. ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की अख्खा पुंजका जातो.

अंडी पानाच्या खालच्या बाजूला, छोट्या पिंपांसारखी ओळीने रचलेली. ताजी फिकट पिवळी, फुटायच्या आधी गुलाबी-नारिंगी. काळी पडलेली दिसली तर ते पान तसंच राहू द्या. त्यात बहुधा बारीक परजीवी गांधीलमाशी वाढत असते, ती बाहेर पडून पुढची अंडी शोधते.

मोजणीसाठी शेतात फिरून दहा ठिकाणी झाडाखाली उघडी छत्री उलटी धरा, फांद्या झटका, पडलेल्यांचा लगेच फोटो घ्या. दर आठवड्याला हेच, तेवढीच झाडं. तारीख मोबाईल नोंदवतोच, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर जागाही. मोबाईलमधलं ओळखणारं अ‍ॅप पहिलं जे नाव सुचवतं त्यावर औषध ठरवू नका. पाठ, पोट, पिल्लं आणि सोललेली शेंग असे चार फोटो जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला पाठवा. उत्तर येईपर्यंत छत्रीत पडलेले हिरवे आणि फुगीर मांड्यांचे ढेकण्ये साबणाच्या पाण्यात टाका, ठिपकेवाला शिकारी ढेकण्या पुन्हा तुरीवर सोडा.