सावल्यांच्या बेरजेतून चित्र: सीटी स्कॅनचं गणित वहीवर करून बघा

चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. सीटी स्कॅनचा संगणक शरीराच्या आतलं चित्र कसं तयार करतो, हे कळायला ते एकदा हाताने करून बघण्यासारखी दुसरी रीत नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना एकूण किती अडला, एवढंच पलीकडच्या डिटेक्टरला कळतं. मोजलेल्या तीव्रतेचा लॉगॅरिदम घेतला की त्या वाटेवरच्या सगळ्या अडथळ्यांची बेरीज मिळते. कुठे किती अडला, ते आपणच शोधायचं.

पायरी १. दोन बाय दोनची चार घरं आखा. घरच्या कुणाला तरी वेगळ्या कागदावर वर ९, ३ आणि खाली २, ४ असे आकडे मांडून तो लपवायला सांगा. तुम्ही ते विसरलात असं धरा. हाती फक्त सहा बेरजा आहेत: आडव्या ओळींच्या १२ आणि ६, उभ्या ओळींच्या ११ आणि ७, तिरक्या १३ (डावीकडून खाली उतरणारी) आणि ५.

पायरी २. चारही घरांत शून्य लिहा. हा पहिला अंदाज. वरच्या ओळीला १२ कमी पडतात, ते दोन घरांत सारखे वाटा. खालच्या ओळीचे ६ तसेच वाटा. आता वर ६, ६ आणि खाली ३, ३.

पायरी ३. उभ्या ओळी तपासा. दोन्हींची बेरीज ९ येते. हव्यात ११ आणि ७. डाव्या घरांत प्रत्येकी १ वाढवा, उजव्या घरांतून १ काढा. वर ७, ५, खाली ४, २.

इथे जरा थांबा. आडव्या आणि उभ्या चारही बेरजा बरोबर जुळल्या, तरी चित्र चुकलेलंच आहे! स्कॅनरची नळी रुग्णाभोवती फिरून शेकडो कोनांतून किरण सोडते, ते यासाठीच.

पायरी ४. तिरक्या बेरजाही ९ आणि ९ येतात. हव्यात १३ आणि ५. पहिल्या तिरक्या ओळीत प्रत्येकी २ वाढवा, दुसरीतून २ काढा. वर ९, ३, खाली २, ४. लपवलेला कागद उघडून बघा.

अंदाज, तुलना, दुरुस्ती. पोलंडचे गणिती स्टेफान काचमाझ यांनी समीकरणं सोडवण्याची ही रीत १९३७ मध्ये मांडली होती. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन केला, तेव्हा चित्र होतं ८० बाय ८० घरांचं. आज सर्रास ५१२ बाय ५१२, म्हणजे २,६२,१४४ घरं असतात. एवढ्या घरांना फेऱ्या घालणं जुन्या संगणकांना जड जायचं. म्हणून एका दमात चित्र देणारी दुसरी पद्धत अनेक दशकं वापरात राहिली. तिच्या उभारणीत भारताचे जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा १९७१ चा मोलाचा वाटा आहे. संगणक वेगवान झाले आणि फेऱ्यांची पद्धत परतली.

पायरी ५. आता १३ च्या जागी १४ धरा. आडव्या ओळींची एकूण बेरीज १८, तिरक्यांची १९. कितीही फेऱ्या घाला, सगळं एकदम जुळणारच नाही. खरा स्कॅन असाच असतो, कारण प्रत्येक मोजमापात थोडी चूक असते, आणि किरणांचा डोस कमी केला की ती वाढते. म्हणून दुरुस्ती पूर्ण न करता थोडी थोडी करायची. दोन्ही खांद्यांतून आडव्या गेलेल्या किरणांपैकी फार थोडे पलीकडे पोचतात, त्यांच्या साक्षीला वजन कमी द्यायचं. शेजारच्या घरांत उगाच मोठा फरक आला तर तो गुळगुळीत करायचा, पण हाडाची कड मात्र पुसू द्यायची नाही. कमी डोसमध्येही चित्र स्वच्छ येतं ते या काळजीमुळे, आणि लहान मुलांच्या स्कॅनमध्ये मला याचं फार मोल वाटतं.

पायरी ६. कुठे थांबायचं ते ठरवा. अंदाज फारसा बदलेनासा झाला की फेऱ्या थांबवतात. गुळगुळीतपणाचा जोर जास्त ठेवला तर चित्र मेणासारखं दिसू लागतं, आणि यकृतातला फिकट, बारीक डाग त्यात विरून जाऊ शकतो. असा डाग शोधायचा असेल, तर हा जोर बेताचाच ठेवावा.