माउंटिंग बदललं आणि गाडी नुसती टक् टक् करायला लागली (माझा अनुभव)

साताऱ्यात, घराच्या दारातच जुन्या पेट्रोल गाडीचं गिअरबॉक्सकडचं माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्सला बॉडीवर धरून ठेवणारा रबरी आधार) बदललं. चावी फिरवली तर स्टार्टरकडून फक्त 'टक्'. लाईट झगझगीत, हॉर्न खणखणीत, बॅटरी १२.६ व्होल्ट.

फ्यूज बघितले, स्टार्टरला पान्याने ठोकलं, शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंप दिला (त्यांची बॅटरी जंपर वायरने माझ्या बॅटरीला जोडली). रविवार अख्खा पाण्यात.

चार-पाचदा चावी फिरवल्यावर क्लच केबलला हात लागला, ती चक्क गरम! तिथे ट्यूब पेटली. इंजिनचा अर्थिंगचा रस्ता (करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट) तुटला होता आणि स्टार्टरचा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून जात होता.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. बायकोला चावी फिरवायला सांगितली: ५.८ व्होल्ट! अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. मग जंपरची काळी वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला लावली. अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. (काकांच्या जंपच्या वेळी ती मायनसलाच लावली होती, म्हणून उपयोग झाला नाही.)

गाडी बंद केली, मायनस काढला. माउंटिंगमागे अर्थिंगची विणलेली पट्टी लोंबकळत होती, बोल्ट मीच लावायचा विसरलेलो. पट्टीचं टोक आणि बसायची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन. मायनस शेवटी जोडला. आता रीडिंग ०.१५. तापलेली क्लच केबल मात्र बदलणार आहे, आतलं प्लास्टिक वितळलं असेल तर पुढे अडकेल.