पिनबॉलचं बटण दाबण्याआधी

जुनं पिनबॉल मशीन घरात आलं की हात शिवशिवतात. प्लग लावू, बटण दाबू, चालतंय का बघू तरी! तेवढं मात्र करू नका. विकणारा "परवापर्यंत चालू होतं" असं शपथेवर सांगेल, सांगू द्या. तुमच्या मशीनच्या बोर्डावरचा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल, तर बटण दाबताक्षणी एखादी कॉइल (बॉल उडवणारा विद्युतचुंबक, म्हणजेच सोलेनॉइड) ओढली जाते, सुटतच नाही आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या यंत्राचं खरं काम वीज देण्याआधीच होतं. नवशिक्याला तेच सोयीचंही आहे, कारण त्याला चिपबिप काही कळावं लागत नाही.

आधी तुमच्याकडे नक्की काय आलंय ते पाहा. मागचा उभा डोक्याचा भाग उघडा. आत रिले, फिरती चाकं आणि कापडी आवरणाच्या वायरींचं जंगल दिसलं, तर ते साधारण 1977 च्या आधीचं विद्युत-यांत्रिक मशीन. त्याचं शास्त्र वेगळं, ही यादी त्याच्यासाठी नाही. हिरवे बोर्ड दिसले तर पुढे वाचा. मी लिहितोय ते बॅलीच्या 1977 ते 1985 मधल्या यंत्रांबद्दल. शिकागोच्या बेलमाँट अव्हेन्यूवरची ही कंपनी. तिचं 1977 चं 'एट बॉल' 20,230 नग निघालं आणि त्याच बोर्डांवर पुढे कितीतरी मशीनं आली. म्हणूनच सुट्या भागांची आणि माहितीची चणचण नाही. शिकायला असंच भरपूर खपलेलं यंत्र घ्यावं. गॉटलिब या दुसऱ्या कंपनीच्या 'सिस्टिम 1' पासून मात्र नवशिक्यानं चार हात लांब राहावं. त्यातल्या रॉकवेलच्या चिप आता सहजासहजी मिळत नाहीत. विल्यम्सची यंत्रं चांगली, पण त्यांचे व्होल्टेज आणि चाचण्या वेगळ्या. खालचे आकडे त्यांना लावू नका.

मग कागद. इंटरनेट पिनबॉल डेटाबेसवर बहुतेक मशीनांचं मॅन्युअल आणि सर्किटचे नकाशे सापडतात. फोनच्या पडद्यावर नकाशा वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, सरळ मोठ्या कागदावर छापून घ्या. स्विचचे क्रमांक, फ्यूजचे आकडे आणि कनेक्टरच्या पिना ही तीन पानं वेगळी काढून भिंतीला चिकटवा. बाकीचं नंतर.

जागा कोरडी हवी, उजेड भरपूर हवा आणि मागून डोकं उघडता येईल इतकी मोकळीक हवी. इकडे अमेरिकेत बहुतेक मशीनं बेसमेंटमध्ये ठेवतात, तिथली ओल लक्षात घ्या. भिंतीच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते तपासा आणि मशीनच्या वायरचा प्लग नीट बघा. तिसरी, अर्थची पिन कोणीतरी पकडीने मोडून टाकलेली असणं अगदी नेहमीचं. तशी असेल तर आधी वायर बदला, मगच पुढचं. कोणी मशीन भारतात नेलं असेल तर ट्रान्सफॉर्मरची जोडणी 115 व्होल्टची आहे की 230 ची, हे नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कॅबिनेटच्या आत जे जादा सॉकेट असतं, ते मशीनचं बटण बंद असतानाही जिवंत असतं. म्हणून 'बंद' म्हणजे प्लग भिंतीतून काढलेला आणि डोळ्यांसमोर ठेवलेला, दुसरा अर्थ नाही.

हत्यारांची यादी लोक फार लांबवतात. डायोड तपासायची सोय असलेला बरा मल्टिमीटर, तापमान लावता येणारं सोल्डरिंग आयर्न, 60/40 किंवा 63/37 चं कथील-शिशाचं सोल्डर, वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायचा पंप आणि तांब्याची विणलेली पट्टी, इतकं पुरे. ऑसिलोस्कोप नको. ज्यावर पैसे घालवावेत असं एकच हत्यार आहे, कनेक्टरच्या पिना दाबायचा क्रिम्पर. साध्या पकडीने दाबलेली पिन आज धरते आणि महिन्याभराने सोडते. स्थिर विजेसाठी मनगटी पट्टा घ्या, पण तो फक्त टेबलावर बोर्ड हाताळताना. चालू मशीनमध्ये हात घालताना पट्टा आणि अंगठी दोन्ही काढून ठेवा. बोर्डाशी अजून कधी सोल्डरिंग केलं नसेल तर जुन्या रेडिओच्या भंगार बोर्डावर आठवडाभर हात बसवून घ्या. या काळातल्या बोर्डांची तांब्याची पट्टी जास्त तापली की सुटून वर येते.

आता कॅमेरा. एकही कनेक्टर काढण्याआधी प्रत्येक बोर्डाचे फोटो, जवळून आणि लांबून. मग प्रत्येक कनेक्टरवर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर बोर्डाचं नाव आणि जे-क्रमांक (J1, J2 असा कनेक्टरचा क्रमांक) लिहा. कनेक्टर चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून त्यातल्या एका पिनेच्या खाचेत खुंटी घातलेली असते, पण कोणीतरी ती कधीच काढून टाकलेली असू शकते. विश्वास टेपवर ठेवा.

मुख्य बोर्ड पाहताना आधी बॅटरी शोधा. 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम, बोर्डावरच डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली. सर्वाधिक गुण आणि सेटिंग लक्षात ठेवायला ती दिली होती आणि तिनेच सर्वाधिक बोर्ड खाल्ले. ती गळते तेव्हा पांढरट-निळसर भुकटी दिसते, मग जवळच्या पिना हिरव्या पडतात, मग रेझिस्टरांचे पाय राखाडी होतात आणि शेवटी हिरव्या थराखालची तांब्याची रेघ काळी पडून फुगते. रीसेट करणारे छोटे ट्रान्झिस्टर आणि आसपासची चिपची सॉकेटं सगळ्यांत आधी जातात. म्हणूनच अशी मशीनं नुसती गप्प बसतात. बॅटरी कापून काढा. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात नाही, धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात द्यायची, आत कॅडमियम आहे. हातमोजे, चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच, भुकटी कोरडी खरवडायची नाही. गळालेला पदार्थ अल्कली असतो, म्हणून अर्धं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने जुन्या टूथब्रशने घासायचं. मग डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवायचं आणि शेवटी 91 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन दिवस वाळू द्या. नुसतं अल्कोहोल पुसून 'साफ केलं' म्हणणारे बोर्ड पुन्हा गंजायला लागतात. गंज सॉकेटांच्या खाली पोचला असेल तर मात्र हट्ट धरू नका. नवे बदली बोर्ड मिळतात, ते घेण्यात कसलाही कमीपणा नाही. जुना बोर्ड हात चांगला बसल्यावर पुढच्या हिवाळ्यात दुरुस्त करा.

कनेक्टरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण या यंत्रांतला निम्मा 'चिपचा बिघाड' तिथे असतो. कॅबिनेटच्या तळाशी ट्रान्सफॉर्मरजवळ रेक्टिफायर बोर्ड (एसी वीज डीसी करणारा) आहे, त्याच्या कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी झालंय का पाहा. शोभेचे दिवे त्याच पिनांमधून चालतात. 44 क्रमांकाचा एक बल्ब 250 मिलिअँपिअर ओढतो, 47 क्रमांकाचा 150. सगळे 44 चे बल्ब काढून 47 चे घातले की पिनांवरचा भार बराच उतरतो, आणि एलईडी घातले तर आणखी. पण खेळाप्रमाणे पेटणाऱ्या-विझणाऱ्या दिव्यांमध्ये एलईडी लगेच नको. ते दिवे एससीआर या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतात आणि एवढ्या कमी करंटवर ते लुकलुकतात, मग तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसाल. भाजलेला कनेक्टर बदलताना दोन्ही बाजू बदला, बोर्डावरच्या पिना आणि वायरीकडचं घर. एकच बदलली तर नवी बाजूही लवकरच जुनीसारखी होते. तिन्ही बाजूंनी धरणाऱ्या पिना मागवा. बोर्डाच्या मागे प्रत्येक पिनेभोवतीचा सोल्डरचा डाग भिंगातून पाहा, गोल भेग दिसली की पुन्हा डाग द्या. गुण मोजणाऱ्या स्विचच्या पात्यांना मात्र सॅंडपेपर नको, त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा आहे. दोन पात्यांमधून साधं व्हिजिटिंग कार्ड ओढलं की पुरतं. आणि कुठल्याही संपर्कावर तेलकट स्प्रे मारू नका.

फ्यूज सगळे बाहेर काढून मीटरने तपासा, नुसती तार दिसते म्हणून फसू नका. त्यांवर छापलेला आकडा मॅन्युअलशी जुळवा. 20 अँपिअरच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज निघाला तर हसू नका, काळजी करा. सोलेनॉइड बोर्डावरचा मोठा, 11,700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आता म्हातारा झालाय, तो बदलायच्या यादीत डोळे मिटून लिहा. त्याच बोर्डावरच्या ट्रान्झिस्टरांची धातूची पाठ डायोडच्या चाचणीवर एकेक करून ग्राउंडशी मोजा. सगळ्यांचं वाचन सारखं येतं. एखादाच शून्याजवळ दिसला तर तो गेला, त्याच्या जागी टीआयपी 102.

इथपर्यंत आलात की वीज द्यायची, तीही टप्प्याटप्प्याने. आधी 11.9 व्होल्टच्या फ्यूजशिवाय बाकीचे बाहेर ठेवा, विशेषतः डिस्प्लेचा पाऊण अँपिअरचा आणि सोलेनॉइडचा. मेनचा फ्यूज अर्थात जागेवर. मुख्य बोर्डाचे कनेक्टर काढलेले. सोलेनॉइड बोर्डावर 5 व्होल्ट येतात का मोजा. 4.75 ते 5.25 यांच्या बाहेर काही दिसलं तर तिथेच थांबा, मुख्य बोर्ड जोडू नका. डिस्प्लेच्या भागात 190 व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. तिथे मोजताना एक हात खिशात.

5 व्होल्ट ठीक असतील तर प्लग काढून मुख्य बोर्डाचा वीजपुरवठ्याचा कनेक्टर लावा आणि पुन्हा चालू करा. बोर्डावर एक लहान लाल एलईडी आहे. आधी क्षणभर चमकते, मग मोजा: पहिलं लुकलुकणं प्रोग्रॅम साठवलेल्या रॉम चिपचं, दुसरं आणि तिसरं तात्पुरत्या नोंदी ठेवणाऱ्या दोन रॅमचं, चौथं आणि पाचवं बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या दोन चिपचं, सहावं टायमरचं. सोलेनॉइडचा फ्यूज बाहेर असल्यामुळे सातवं येणारच नाही, त्यासाठी 43 व्होल्ट लागतात. इथे कित्येक जण घाबरून चिप मागवतात. सहा आले म्हणजे बोर्ड जवळपास निरोगी आहे. एलईडी सतत पेटलेली राहिली तर मात्र पुन्हा बॅटरीकडचा रीसेटचा भाग पाहा.

मग प्लग काढा, मुख्य बोर्डाचे राहिलेले कनेक्टर लावा, सोलेनॉइडचा फ्यूज घाला आणि हात बटणावर ठेवूनच चालू करा. सातवं लुकलुकणं आलं आणि कुठलीही कॉइल ओढून धरली नाही, तर पुन्हा बंद करून डिस्प्लेचा आणि दिव्यांचे राहिलेले फ्यूज घाला. नाण्याच्या दाराच्या आतल्या बाजूला चाचणीचं छोटं बटण आहे. ते दाबत गेलं की आधी सगळे दिवे उघडझाप करतात, मग डिस्प्लेवर आकडे फिरतात, मग सोलेनॉइड क्रमाने खटखटतात आणि शेवटी अडकलेल्या स्विचचा क्रमांक दिसतो. तो क्रमांक भिंतीवरच्या पानात शोधून ते पातं व्हिजिटिंग कार्डाने पुसा आणि पुन्हा चाचणी लावा.